सेवा करायचीय, हे सोडून सांग

‘मला लहानपणापासून गोरगरिबांची सेवा करण्याची आवड आहे.’

हे वाक्य कागदावर दिसलं की मी त्याखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि समोर बसलेल्या पोराला म्हणते, ‘हे सोडून सांग.’ मग पोर गप्प. क्लासमध्ये हेच लिहून दिलेलं असतं, मोबाइलवर शोधलं तर हेच सापडतं आणि आधीच्या वर्षीच्या मुलांनीही हेच लिहिलेलं असतं. बिचाऱ्याकडे दुसरं काही शिल्लकच नसतं, असं त्याला वाटतं.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत असे. आता वढू बुद्रुकला घरीच असते. त्यामुळे कोरेगाव भीमा, आपटी, सणसवाडी अशा आजूबाजूच्या गावांतली मेडिकलला जाऊ पाहणारी, किंवा तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं अर्ज घेऊन ओसरीवर येतात. आता कुणी म्हणेल, मेडिकलच्या अर्जात असले प्रश्न असतात कुठे? नीटला १८० प्रश्न, ७२० गुण. बेडकापासून बेंझीनपर्यंत सगळं विचारतात, पण ‘तुला डॉक्टर का व्हायचंय’ हे कुणी विचारत नाही. खरं आहे. पण हा प्रश्न एकेकाळी प्रवेशाच्या दारातच उभा असायचा, आणि तोही आपल्याच महाराष्ट्रात.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. संस्थापक डॉ. सुशीला नय्यर. त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या आणि पुढे केंद्रात आरोग्यमंत्रीही झाल्या होत्या. खेड्यासाठीचा डॉक्टर खेड्यात राहूनच घडला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. या कॉलेजची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असायची आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या जोडीला गांधीविचारांचा एक पेपर असायचा. माझे काही विद्यार्थी त्यासाठी ‘सत्याचे प्रयोग’ वाचायचे. मुलांना अभ्यासक्रमाबाहेरचं पुस्तक हातात धरताना पाहून मला बरं वाटायचं, हे कबूल. पण पाठांतर करणारे तिथेही होतेच. एकादश व्रतं घडाघडा म्हणून दाखवणारा मुलगा उद्या मेळघाटात राहीलच, असं थोडंच आहे?

सेवाग्रामचा खरा पेपर प्रवेश मिळाल्यावर सुरू व्हायचा, असं माझं मत आहे. पहिल्याच वर्षी पंधरा दिवस आश्रमात मुक्काम. खादी घालायची, सूत कातायचं, झाडलोट करायची, सर्वधर्म प्रार्थनेला बसायचं. नंतर एका गावात शिबिर, आणि प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला त्या गावातली काही घरं. त्या घरांत कुणाला खोकला आहे, कोण गरोदर आहे, कुणाचं पोर लसीवाचून राहिलंय, याची खबर ठेवायची. तिथेच पुढचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर आधी दोन वर्षं ग्रामीण सेवा, अशीही अट होती. पाठांतराने पेपर निघतो. पण दर खेपेला त्याच घरात जाऊन त्याच म्हातारीसमोर बसायचं, तिथे पाठांतर कामाला येत नाही.

नीट आली आणि स्वतंत्र परीक्षेबरोबर गांधीविचारांचा पेपरही गेला. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचंही तेच झालं. त्यांच्याकडे स्वतःची परीक्षा होती, मुलाखती होत्या, प्रायोजित विद्यार्थ्यांना शिकून झाल्यावर मिशनच्या रुग्णालयात सेवा द्यावी लागायची. हा हक्क टिकवण्यासाठी ते सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२० मध्ये निकाल लागला, नीट सगळ्यांना सारखी.

नीटच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ‘मुलाखत’ या नावाखाली देशभर काय काय चालायचं, हे पालकांना वेगळं सांगायला नको. मार्क निदान भिंतीवर लागतात, सगळ्यांना दिसतात. माझ्यासारख्या बाईने ‘मुलाखती परत आणा’ म्हणणं सोपं आहे. मुलाखत घेणाऱ्यांत ज्याच्या ओळखीचं कुणी नसतं, तो बाप काय म्हणेल?

शिवाय ‘डॉक्टर का व्हायचंय’ हा प्रश्न काही नाहीसा झालेला नाही, तो पुढे सरकलाय एवढंच. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटनंतर आजही मुलाखत असते. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभराची बंधपत्रित सेवा येते. ती टाळायची तर दहा लाख भरा, असा नियम वर्षानुवर्षं होता. बाप पैशाची जुळवाजुळव करतो की पोरगी प्राथमिक आरोग्य केंद्राची ऑर्डर घेते, ही त्या प्रश्नाची घरात झालेली परीक्षाच म्हणायची. आणि ज्यांना बाँडपलीकडे खेड्यात काम करायचंय, त्यांना तर लेखी उत्तरंच द्यावी लागतात. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंगांनी २००६ मध्ये तरुणांसाठी ‘निर्माण’ सुरू केलं. तिथल्या निवडीलाही अर्जातल्या प्रश्नांची उत्तरं विचार करून लिहावी लागतात, मग मुलाखत.

अशाच एका ग्रामीण रुग्णालयाचा अर्ज घेऊन शेजारच्या वाडीतली एक मुलगी आली. इंटर्नशिप नुकतीच संपलेली. अर्जात चार प्रश्न. खेड्यात काम का करायचंय? ठरवलेलं काही बदलावं लागलं, असा एक प्रसंग सांगा. वरिष्ठांशी मतभेद झाला तर काय कराल? आणि चौथा, किती काळ राहाल आणि कशामुळे सोडून जाल? पहिल्या प्रश्नाखाली अर्थातच आवड, सेवा, गोरगरीब.

मी विचारलं, तुझ्या घरात शेवटचं मोठं आजारपण कुणाचं?

आजीचं. आजीला साखर. कांदा काढणीला गेली आणि खुरप्याने पायाला लागलं. चुलीतली राख दाबली, वर फडकं बांधलं आणि कामाला लागली. मुंग्या येऊन पाय आधीच बधिर, त्यामुळे दुखलंही नाही. घरात वास यायला लागला तेव्हा कळलं. अंगठा काढावा लागला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत का? आजी म्हणाली, हो. घरी आल्यावर मुलीने डबा उघडून पाहिला. आजी गोळीचे दोन तुकडे करून अर्धी अर्धी घेत होती, म्हणजे एका महिन्याच्या गोळ्या दोन महिने पुरतात. ‘आणि मॅडम, त्याच महिन्यात आम्हाला ग्लुकोजचं सगळं चक्र तोंडपाठ करायला लावलं होतं. मी घरी असताना एकदाही डबा उघडला नव्हता.’

हे लिही, मी म्हटलं.

‘हे काय लिहायचं? हे तर सगळ्यांच्याच घरी असतं.’

खेड्यातल्या हुशार पोरांची अडचण इथे आहे. गावाचं आजारपण त्यांनी आतून पाहिलेलं असतं, पण ते ज्ञान आहे असं त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. अर्ज म्हणजे इस्त्रीचे कपडे घालून जायची जागा. तिथे राख आणि फडकं कसं चालेल? शहरातला मुलगा एक दिवसाच्या आरोग्य शिबिराचा अनुभव पानभर लिहितो, आणि ज्याच्या घरातच शिबिर भरलंय तो ‘सेवा’ लिहून मोकळा होतो.

मी तिला म्हटलं, सर्व्हेची ताई येते तेव्हा तुझी आई कसं सांगते? तसं लिही.

हे वढूच्या बाहेरच्यांना समजावून सांगायला हवं. आमचं गाव लोकांना माहीत आहे ते शंभूराजांच्या समाधीसाठी. पण आरोग्याच्या क्षेत्रात ते दुसऱ्याच कारणाने ओळखलं जातं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात इथे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. गावातल्याच साध्या माणसांना शिकवून आरोग्यसेवक केलं. १९९३ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००२ पासून वढू आणि आसपासची, शिरूर आणि हवेली तालुक्यातली, मिळून २२ गावांची नियमित नोंद सुरू झाली. कार्यकर्ते घरोघर येतात. कोण जन्मलं, कोण वारलं, कोण राहायला आलं, कोण गेलं, सगळं लिहून घेतात. कारखान्यांमुळे इथे भाडेकरूंची ये-जा फार, त्यामुळे हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. ‘रोटाव्हॅक’ ही जुलाबावरची देशी लस जिच्यामुळे मान्य झाली, त्या मोठ्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरबरोबर वढूचं केंद्र होतं. तिन्ही ठिकाणची मिळून ६,७९९ बाळं तीत होती. आमच्या भागातली तेव्हाची बाळं आता हायस्कूलला आहेत.

घरात कुणी वारलं तर काही दिवसांनी कार्यकर्ता येऊन शांतपणे विचारतो. ताप कधी आला? आधी खोकला की आधी ताप? छातीत दुखत होतं का? दवाखान्यात कशाने नेलं? न्यायला उशीर झाला का, आणि का झाला? गावात वारलेल्या कित्येकांच्या मरणाचं कारण कुठल्याच कागदावर नसतं, ते अशा विचारण्यातून काढतात. त्याला उत्तर देताना ‘फार हाल झाले हो’ एवढं म्हणून भागत नाही. वार आठवावा लागतो, गाडी कुणाची होती ते आठवावं लागतं. आमच्या बाया हे नीट सांगतात. अर्जाचं उत्तर याच पद्धतीने लिहावं, हा माझा त्या मुलीला सल्ला होता.

तिने आठ-दहा ओळी लिहिल्या. आजी, खुरपं, गोळीचे तुकडे, न उघडलेला डबा. सेवेचा उल्लेख नाही. मुलाखतीत त्यांनी पहिलाच प्रश्न केला, ‘मग वॉर्डात आता पेशंटला कसं विचारता?’ ती म्हणाली, ‘गोळ्या चालू आहेत का, असं विचारत नाही. पाकीट दाखवा म्हणते, आणि परवडतात का ते विचारते.’ पुढची दहा मिनिटं औषधांच्या किमतीवर बोलणं झालं म्हणे. ‘सेवेची आवड’ लिहिणाऱ्याला पुढे विचारणार तरी काय? त्याला धरायला फांदीच नसते.

असं नेमकं लिहिणं काही मी शोधून काढलेलं नाही. मराठी मुलीने लिहिलेला मेडिकलचा सर्वांत गाजलेला अर्ज १८८३ सालचा आहे. आनंदीबाई जोशींनी तो अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लिहिला. वय अठरा. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करत नसू, हे त्यांनी स्वतःच आधी सांगून टाकलं. आणि कारण काय दिलं? आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरचा हात लावून घेण्यापेक्षा मरण पत्करतात. केवढी नेमकी गोष्ट! कुठल्या रोग्यांसाठी, कुठल्या अडचणीसाठी आणि मीच का, हे सगळं त्यात आलं. १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूकही झाली, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने गेल्या. एकवीस वर्षांच्या.

चांगलं उत्तर लिहिणारा खेड्यात टिकतोच का? नाही. उत्तर लिहिता येणं हे एक कौशल्य आहे आणि त्याचेही क्लास निघू शकतात, निघतीलच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये खेड्यांत डॉक्टर टिकवण्यासाठी शिफारशी केल्या, त्यात खेड्यात वाढलेल्या मुलांनाच जास्त प्रवेश द्या, ही एक ठळक शिफारस होती. असे विद्यार्थी शिकून परत खेड्याकडे वळण्याची शक्यता जास्त असते. जपानने त्याच्या कितीतरी आधी, १९७२ मध्ये, ‘जिची’ नावाचं वैद्यकीय विद्यापीठ खास यासाठीच काढलं. प्रत्येक प्रांतातून थोडे विद्यार्थी घ्यायचे, आणि शिकून त्यांनी आपल्याच प्रांतात साधारण नऊ वर्षं काम केलं तर फी माफ. म्हणजे ‘का यायचंय’ याच्याइतकंच ‘कुठून आलास’ आणि ‘परत जाशील तर आम्ही काय देऊ’ हेही महत्त्वाचं. आपल्याकडे पहिल्यावर भाषणं खूप आणि तिसऱ्यावर शुकशुकाट.

म्हणून मला त्या अर्जातला चौथा प्रश्न सर्वांत आवडला. कशामुळे सोडून जाल? मुलीने आधी लिहिलं होतं, ‘कधीच सोडून जाणार नाही.’ मी तिला विचारलं, राहायची खोली कशी आहे माहीत आहे? रात्री बाळंतीण अडली आणि सिझर करायची वेळ आली तर भूल द्यायला कोण? रक्त कुठून आणायचं? तुझ्या नवऱ्याने पुण्यात नोकरी धरली तर? शेवटच्या प्रश्नावर तिची आई, जी इतका वेळ कोथिंबीर निवडत बसली होती, पहिल्यांदा बोलली, ‘हे मुलाला विचारतात का हो मॅडम?’ नाही विचारत. विचारायला हवं.

तिने उत्तर बदललं. दोन वर्षं नक्की, त्यापुढचं तिथे गेल्यावर सांगेन. एकटीवर रात्री शस्त्रक्रियेची जबाबदारी टाकली आणि मदतीला कुणी नसलं, तर सोडेन. अर्जाच्या पाठीमागे तिने स्वतःचे प्रश्नही लिहिले, भुलीचा डॉक्टर, रक्तपेढी, रुग्णवाहिका, खोलीला आतून कडी आहे का. मुलाखतीला ते काढून वाचले तेव्हा समोरच्या बाईंनी चष्मा लावून एकेक उत्तर दिलं. कडी बसवून घेऊ, म्हणाल्या.