जुन्या बंदुकीची साक्ष

तिकिटें व नाणीं जमविणाऱ्यांप्रमाणें एकोणिसाव्या शतकांतील लष्करी बंदुका जमविणारेही असतात. त्यांच्या दृष्टीनें प्रशियाच्या सैन्यानें १८४१ सालीं स्वीकारलेली ड्रायझेची बंदूक मोलाची होय. हिच्या नळीमागें दाराच्या कडीप्रमाणें सरकणारा बोल्ट असतो. तो मागें ओढून कागदी काडतूस आंत घालावयाचें व पुन्हां पुढें लोटावयाचा. चाप दाबतांच लांब सुई काडतूस भेदून आंतील स्फोटक टिकलीवर आदळते व दारू पेटते. त्यामुळें शिपायास जमिनीवर पालथें पडूनही बार भरतां येई. ३ जुलै १८६६ रोजीं केनिगग्रेट्झच्या लढाईंत ऑस्ट्रियन शिपायांस मात्र नळीच्या तोंडांतून बार ठासावा लागे. त्यासाठीं ते उभे राहत आणि सहज टिपले जात.

चाणाक्ष संग्राहक प्रथम नळीवरील व बोल्टवरील आंकडे ताडून पाहतो. ते जुळले, तर दोन्ही भाग बहुधा प्रथमपासून एकत्र आहेत. न जुळले, तर मागाहून अदलाबदल झाली. कित्येक हौशी लोक बंदूक घासून लखलखीत करितात. मुलांनो, तसें करूं नये. गंजाबरोबर आंकडेही झिजतात आणि साक्षच नाहींशी होते. या बंदुकीमागें व तिच्यासमोरही माणसें होतीं, हीच ती साक्ष होय.