मोटारपंपाच्या ‘ऑटो’साठी स्वस्त बोर्ड कोणता?

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात करडी व आसपासचा मुलूख धानाचा. धानाला पाणी म्हणजे मोटारपंप, आणि पंप आला की वायंडिंग व स्टार्टर दुरुस्त करणारा कारागीर आलाच. आपले अनेक तरुण याच धंद्यात आहेत. विहिरीचे पाणी उतरताच मोटार बंद करणारा ‘ऑटो’ स्वतः बनवून विकता आला, तर मजुरीपलीकडे कमाईची एक वाट निघते. हे काम बहुतेक जण आर्डुइनो बोर्डावर शिकतात आणि खर्चापाशी अडतात. अस्सल ऊनो बोर्ड दोन हजारांच्या वर जातो. ग्राहकाच्या प्रत्येक डब्यात तो घालणे परवडणारे नाही.

तशी गरजही नाही. २००५ साली इटलीतील इव्रेआ येथे आर्डुइनो सुरू झाला. ऊनोचा आराखडा खुला आहे; तसा बोर्ड कोणीही बनवून विकू शकतो. राखीव आहे ते नाव आणि चिन्ह. (ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या क्वालकॉम कंपनीने आर्डुइनो विकत घेत असल्याचे जाहीर केले, आधीच खुला केलेला आराखडा त्याने बंद होत नाही.) म्हणून ‘ऊनोशी जुळणारा’ असे सांगून विकलेला स्वस्त बोर्ड हा हलाल सौदा आहे. त्यावर इटलीचा छाप मारला, तर तो बनावट माल. माप-तोलातल्या खोटीपेक्षा आम्ही हा दोष हलका मानत नाही.

शिकण्यासाठी जुळणारा बोर्ड पुरेसा आहे. त्यावर बहुधा सीएच-३४० ही यूएसबी चिप असते. संगणकाने बोर्ड ओळखला नाही, तर आधी तिचा ड्रायव्हर टाकून पाहावा. ग्राहकाच्या डब्यात मात्र बोर्डही नको. बूटलोडर भरलेली एटमेगा-३२८पी चिप, १६ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल, २२ पिकोफॅरडचे दोन कपॅसिटर आणि ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा एवढ्यावर तोच प्रोग्राम चालतो. चिप सॉकेटमध्ये बसवावी; बिघडली तर दोन मिनिटांत बदलता येते. आमच्या मते कारागिराला खरा फायदा इथेच आहे.

मोबाइलवरून पंप चालवायचा असेल, तर ईएसपी-३२ घ्यावा; वायफाय व ब्लूटूथ त्यातच आहे. २०२१ मध्ये अवघ्या ४ डॉलरला आलेला रास्पबेरी पाय पिको हाही चांगला. या दोन्हींची चिप खुली नाही, प्रोग्रामची साधने मात्र मोफत व खुली आहेत. दोन्ही ३.३ व्होल्टवर चालतात. पिनला ५ व्होल्ट लागले तर चिप जाऊ शकते, आणि ५ व्होल्टचा रिले त्यांच्याकडून नीट ओढला जाईलच असे नाही. मध्ये ट्रान्झिस्टर हवा. देशी माल हवा असल्यास सी-डॅकचा ‘एरीज’ आहे. तो रिस्क-५ या खुल्या रचनेवरील थेजस-३२ चिपवर चालतो.

बोर्ड कोणताही असो, रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, मोटारीचा भार त्यावर टाकू नये. डब्यात कोणती चिप आहे ते बिलावर लिहावे, आणि प्रोग्रामची एक प्रत दुकानात जपून ठेवावी. पुढच्या हंगामात तोच डबा दुरुस्तीला येणार आहे.