कामांची रांग आणि आठवड्याचा कागद

बाळकुम नाक्यावरून जुन्या आग्रा रस्त्याने कापूरबावडीकडे जाणारा प्रवासी एक गोष्ट रोज अनुभवतो. रस्त्यावरील वाहने त्याच्या क्षमतेच्या जवळ पोहोचली, की त्यांत थोडी भर पडली तरी लागणारा वेळ भरमसाट वाढतो. शिक्षकाच्या टेबलावरील कामांचेही असेच होते आणि त्यामागे एक साधे गणित आहे.

डॅनिश गणिती एरलांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनच्या टेलिफोन यंत्रणेच्या निमित्ताने रांगांचे शास्त्र उभे केले. समजा, कामे अनियमितपणे येतात, त्यांना लागणारा वेळ कमीजास्त असतो आणि करणारा एकच आहे. उपलब्ध वेळेपैकी जितका भाग कामांनी व्यापतो त्याला भार म्हणू. रांगेच्या सर्वांत सोप्या प्रतिमानानुसार भार ०.८ असेल तर हातात सरासरी ४ कामे असतात, ०.९ झाला तर ९ आणि ०.९५ झाला तर १९! शिक्षण हक्क कायद्याने (२००९) शिक्षकासाठी आठवड्याला पूर्वतयारीसह किमान ४५ तास धरले आहेत. या हिशेबात ०.८ म्हणजे ३६ तास आणि ०.९ म्हणजे साडेचाळीस तास. फरक केवळ साडेचार तासांचा, पण रांग दुपटीहून लांब. माणूस काही टेलिफोनची तार नव्हे, तेव्हा हे आकडे काटेकोर मानू नयेत. परंतु वाढीचा कल खरा आहे. प्रत्येक मोकळी तासिका आधीच भरून टाकणारे वेळापत्रक पहिल्याच बदली तासाला कोलमडते ते यामुळे.

आपल्याकडे वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि टाचण ही परंपरा पक्की आहे. मात्र ती अभ्यासक्रमापुरती. मूल्यमापनाच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सहलीची परवानगीपत्रे, निवडणुकीचे काम या सर्वांची जागा बहुधा डोक्यात असते. ती एका वहीत उतरवणे ही पहिली पायरी. वही असो वा मोबाइल, जागा एकच हवी.

पण यादी पुरेशी नसते. मेंग झू व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की मुदत जवळ आहे एवढ्याच कारणाने लोक कमी लाभाचे काम आधी निवडतात. सातवीतील चार मुले अपूर्णांकांत अडकली आहेत. त्यांच्यासाठी वेगळे बसायचे आहे, पण या कामाला मुदत नाही आणि त्यासाठी कोणी परिपत्रकही काढत नाही. यादीत ते जूनपासून दिवाळीपर्यंत तसेच राहते, आणि तोवर वर्ग समीकरणांकडे सरकलेला असतो.

म्हणून यादीला आठवड्याच्या कागदाची जोड द्यावी. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास काढून संपूर्ण वही वाचावी आणि मुदतीकडे न पाहता पुढील आठवड्यातील तीनच महत्त्वाची कामे निवडावीत. ती 'केव्हातरी' न ठेवता 'मंगळवारची चौथी तासिका, प्रयोगशाळा' अशी मांडावीत. शक्यतो सोमवार ते बुधवार, म्हणजे बदली तास आलाच तर गुरुवार-शुक्रवार हाताशी राहतात. उरलेल्या मोकळ्या तासिकांत वहीतील किरकोळ कामे करावीत आणि एक-दोन तासिका खरोखरच रिकाम्या सोडाव्यात. मुख्याध्यापकांना ही रिकामी जागा आळसाची वाटण्याचा संभव आहे. त्यांना वरील आकडे दाखवावेत.

वेळेचा अंदाज करताना सावध असावे. ब्यूलर, ग्रिफिन व रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांचे अंदाज तपासले. अंदाज सरासरी ३३.९ दिवसांचा, प्रत्यक्षात लागले ५५.५. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पाचे वेळापत्रक करताना आपला अंदाज दीडपट करून पाहावा.

वही मात्र फुगत जाते. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम येथे उपयोगी पडतो: स्थिर रांगेतील कामांची संख्या म्हणजे कामे येण्याचा वेग गुणिले सरासरी थांबण्याचा काळ. आठवड्याला १० कामे येतात, तितकीच हातावेगळी होतात आणि वहीत ३० आहेत, तर प्रत्येक काम सरासरी तीन आठवडे थांबणार. भराभर लिहिण्याने हा काळ घटत नाही. तेव्हा चार आठवडे न हललेल्या नोंदीला शनिवारी एकतर तासिका द्यावी, ते काम सहकाऱ्याकडे सोपवावे, नाहीतर सरळ काट मारावी.