आधी थांबायला, मग पळायला

माझ्याकडे एक जुनी क्रूझर मोटारसायकल आहे. बजाज ॲव्हेंजर, २०० सीसीची, २००८ साली घेतलेली. पंधरा वर्षं भरल्यावर २०२३ मध्ये तिची नोंदणी पुन्हा करून घेतली. आता ठेवलीच आहे तर तिला जरा चपळ करावी, असं घरात ठरलं. मुलगा म्हणाला, "अब्बा, सायलेन्सर बदलू, एअर फिल्टर मोकळा करू. गाडी सुसाट सुटेल!"

आम्ही गॅरेजवाल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचं चाक जमिनीवरून उचललं आणि हँडल सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवलं. मध्यावर ते किंचित अडकलं. उस्ताद म्हणाले, "शायर, कोनसेट गेलाय. ही सरळ चालायचं विसरलीय आणि तुम्ही हिला पळवायला निघालात!"

मला आदल्या पावसाळ्यातला कुंभार्ली घाट आठवला. कराडहून चिपळूणला उतरताना एका ओल्या वळणावर मागचं चाक सरकलं होतं. मुलगा मागे बसला होता. समोरून ट्रक आला नाही, म्हणून आज हे बोलतो आहे. दोष गाडीचा नव्हता, माझा होता. टायरचे काप शाबूत होते म्हणून मी निश्चिंत होतो, पण रबर नऊ वर्षांचं होऊन कडक झालं होतं. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. हे मला पन्नाशीत कळलं!

क्रूझरची घडणच वेगळी असते. बैठक खाली, दोन चाकांतलं अंतर जास्त आणि पुढचा फोर्क अधिक कललेला. त्यामुळे सरळ रस्त्यावर ती संथ, स्थिर चालते, पण वळायला जड जाते. पायटे खाली असल्यामुळे फार वाकवलीही जात नाही, लगेच घासतात. हा तिचा स्वभाव आहे, तो बदलत नाही. बदलता येतं ते वयानं आलेलं ढिलेपण.

म्हणून उस्तादांनी क्रम लावून दिला. पहिला मान ब्रेकचा. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर चौपट होतं, हे गणित कुठल्याही गाडीला चुकत नाही. पुढच्या डिस्कला नवे पॅड, मागच्या ड्रमला नवे लायनर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. आम्ही कधीच बदललं नव्हतं.

दुसरे टायर. मुलाला मागे आणखी रुंद टायर हवा होता. उस्तादांनी नकार दिला. त्याच रिमवर जास्त रुंद टायर बसवला की तो चिमटल्यासारखा होतो. शिवाय टायर रुंद असेल तर तेच वळण त्याच वेगानं घ्यायला गाडी जास्त वाकवावी लागते. म्हणजे दिसायला दणकट आणि वळायला आणखी जड. कंपनीनं दिलेल्याच मापाचे, चांगल्या रबराचे टायर घातले.

तिसरी झुलण्याची व्यवस्था. फोर्कमधलं तेल वर्षानुवर्षं पातळ आणि मळकट होत जातं. मग ब्रेक दाबला की पुढचा भाग एकदम खाली बसतो. तेल आणि सील बदलले, कोनसेट आणि स्विंगआर्मचे बुश नवे टाकले, मागचे शॉकॲब्सॉर्बर बदलले. स्वार बसल्यावर शॉकॲब्सॉर्बर आपल्या एकूण हालचालीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश दबला पाहिजे. दिसायला छान म्हणून लोक मागे आखूड शॉकॲब्सॉर्बर बसवतात. त्यानं फोर्क आणखी कलतो, वळण आणखी जड होतं आणि पायटे आधी घासतात.

इंजिनाची पाळी सगळ्यात शेवटी आली. टॅपेट, प्लग, साफ केलेला कार्बोरेटर, नवा एअर फिल्टर. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. ते जुन्या रबराला सोसत नाही, म्हणून पेट्रोलची नळीही बदलली. मोकळ्या सायलेन्सरचं काय? कार्बोरेटरच्या गाडीत जेट न बदलता हवा वाढवली, तर पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापतं. आवाज वाढतो, ताकद वाढतेच असं नाही. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं आहे.

मुलाचा चेहरा उतरला. त्याची समजूत एका हिशेबानं पटली. समजा, पुढच्या स्प्रॉकेटला १५ दात आहेत. त्याजागी १४ दातांचं बसवलं, तर चढावर ओढ सुमारे सात टक्के वाढते. पण त्याच वेगाला इंजिन तितकंच जास्त फिरतं, पेट्रोलही थोडं जास्त पितं. काही मिळवायचं तर काही द्यावं लागतं. त्यानं विचार केला आणि जुनंच माप राहू द्या म्हणाला.

यंदा पावसात पुन्हा कुंभार्ली उतरलो. गाडी मुलाच्या हातात, मी मागे. त्याच वळणावर त्यानं आधीच वेग कमी केला, पुढचा ब्रेक अलगद धरला. गाडी न डोलता, न घसरता वळली. पूर्वीपेक्षा पाच किलोमीटरही जास्त पळत नसेल ती, पण घाट उतरेपर्यंत माझी मूठ आवळली गेली नाही.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल, तर नवा सायलेन्सर बघायच्या आधी एक करा. खाली वाका आणि टायरवरचे ते चार आकडे वाचा.