खाच तीच, पकड वेगळी

माणसाच्या पेशींत पाचशेहून अधिक कायनेज प्रथिने आहेत. काम बहुतेकांचे एकच: एटीपीच्या रेणूवरचा एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर नेऊन बसवायचा. एवढ्यावर त्या प्रथिनाचे काम सुरू होते किंवा थांबते. एटीपी सगळ्यांना लागतो, म्हणून तो बसतो ती खाचही सगळ्यांत जवळपास सारखी. मग बाकीच्यांना धक्का न लावता नेमके एकच कायनेज अडवणारे औषध कसे बनवायचे?

इमॅटिनिबने ते बऱ्याच अंशी साधले. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते, एबीएल हे कायनेज बीसीआर या प्रथिनाला चिकटते आणि अखंड चालू राहते. 2001 साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ही गोळी त्याला बंद पाडते.

ती बसते कशी, हे स्फटिकांच्या क्ष-किरण चित्रांतून दिसले. कामावरची सगळी कायनेज सारखीच दिसतात, कारण फॉस्फेट हलवायला अणूंची ठरावीक मांडणीच लागते. विसावताना मात्र प्रत्येकाची तऱ्हा निराळी असू शकते. एबीएल विसावले की त्यातले फेनिलअलनिन हे एक अमिनो आम्ल जागा सोडून बाहेर वळते आणि एटीपीच्या खाचेमागे एक कप्पा उघडतो. इमॅटिनिबचा लांबट रेणू थेट त्या कप्प्यापर्यंत शिरतो.

इथवर सगळे सरळ वाटते. पण एबीएलचे एक जवळचे भावंड आहे, एसआरसी. औषधाला स्पर्श करणारी अमिनो आम्ले दोघांत जवळपास तीच. इमॅटिनिबसह एसआरसीचे स्फटिक काढले, तर त्याची बैठकही एबीएलसारखीच निघाली. तरी त्याची पकड हजारो पटींनी सैल! मला या साऱ्या कहाणीत सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. चित्र तेच, परिणाम वेगळा. ब्रँडाइस विद्यापीठात डोरोथी केर्न यांच्या गटाने उत्तर शोधले ते हालचालीत. औषध आत शिरल्यावर एबीएल सावकाश आपला आकार बदलते आणि त्याला आत कोंडून घेते. एसआरसीत ही पुढची पायरी नीट घडत नाही. या गटाने दोघांच्या प्राचीन पूर्वजाचा अमिनो आम्लांचा क्रम संगणकाने ताडला, ते प्रथिन प्रयोगशाळेत बनवले आणि हा फरक उत्क्रांतीत कसा पडत गेला ते तपासले. फरक पाडणारी अमिनो आम्ले निव्वळ खाचेत नव्हती, दूरवरही विखुरलेली होती.

उलट, कधी एकच अमिनो आम्ल सगळे उधळून लावते. एबीएलच्या 315व्या जागी थ्रिओनिन असते आणि इमॅटिनिब त्याच्याशी हायड्रोजन बंध जोडते. डीएनएतले एक अक्षर बदलले की तिथे आयसोल्यूसिन येते: बंध तुटतो, वाट अडते, गोळी निकामी होते. 2012 साली मान्यता मिळालेल्या पोनॅटिनिबमध्ये रसायनशास्त्रज्ञांनी नेमक्या त्या जागेसमोर कार्बनच्या तिहेरी बंधाचा सडपातळ दांडा ठेवला. तो आयसोल्यूसिनच्या बाजूने निसटून आत जातो.

आणखी एक वाट एबीएलमध्येच दडलेली होती. निरोगी एबीएलच्या एका रूपाच्या टोकाला मेदाम्लाची शेपटी असते. ती एटीपीपासून दूरच्या एका पोकळीत खोचून ते प्रथिन स्वतःला बंद ठेवते. बीसीआरशी जोडणी होताना हे टोकच गळून पडते. 2021 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले ॲसिमिनिब त्या रिकाम्या पोकळीत बसते आणि एबीएलला बंद करते.