कानीं पडलेली बातमी

सकाळचें वर्तमानपत्र दारांत पडलें कीं पहिला मान तात्यांचा, असा आमच्या घरांत वर्षानुवर्षांचा दंडक होता. तात्या म्हणजे आमचे वडील. चष्मा सांवरून ते अग्रलेखापासून आरंभ करीत, आणि त्यांचें वाचन पुरें होईतों इतरांनीं त्या कागदास हात लावावयाचा नाहीं. चार वर्षांपूर्वीं काचबिंदूनें त्यांची दृष्टि अधू झाली आणि अक्षरें दिसेनाशीं झालीं. “जगाशीं आमचा संबंध आतां सुटला,” असें ते एकदां सहज म्हणाले, तें आमच्या मनाला फार लागलें. मग एके दिवशीं त्यांच्या धाकट्या नातीनें मोबाईलवर रोज सकाळीं निघणारा बातम्यांचा एक पॉडकास्ट त्यांना लावून दिला. पंचवीस मिनिटें तात्या हललें नाहींत. शेवटीं त्यांनीं एवढेंच विचारलें, “हें उद्यांही असतें ना?”

त्या दिवसापासून हा नवा पाहुणा आमच्या घरांत कायमचा राहिला. त्यानें आम्हांस काय दिलें, आणि त्याच्याशीं कसें वागावें हें न कळल्यामुळें आमच्यावर कोणता प्रसंग ओढवला, तें वाचकांपुढें मांडावें असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

नवें नांव, जुनी कल्पना

पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित कार्यक्रमांची मालिका. ती इंटरनेटवरून आपल्या यंत्रांत येते व आपल्या सवडीनें ऐकतां येते. रेडिओप्रमाणें घड्याळाकडे लक्ष ठेवावें लागत नाहीं; मध्येंच थांबवितां येतें, मागें नेऊन पुन्हां ऐकतां येतें. हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्यें ‘गार्डियन’ या इंग्लिश पत्रांत बेन हॅमर्स्ली यांनीं एका लेखांत सुचविला. ‘आयपॉड’ हें खिशांतलें यंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे ध्वनिक्षेपण, या दोहोंचा तो संधि आहे.

परंतु बातमी कानानें घरोघर पोंचविण्याची कल्पना याहून पुष्कळच जुनी आहे. १८९३ च्या फेब्रुवारींत हंगेरींतील बुडापेस्ट शहरीं तिवादार पुश्काश नांवाच्या गृहस्थानें टेलिफोनच्या तारांवरून बोलणारें एक वर्तमानपत्रच सुरू केलें होतें. वर्गणीदारानें नळी कानाला लावावी आणि ठरलेल्या वेळीं बातम्या, बाजारभाव व गायन ऐकावें. पुश्काश महिन्याभरांतच निवर्तले, पण त्यांचा उपक्रम पुढें कित्येक वर्षें चालला. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र उघडलें, आणि यथावकाश रेडिओ दिवाणखान्यांत येऊन बसला. २००१ पासून खाजगी एफ्. एम्. केंद्रें निघालीं, तरी स्वतःच्या बातम्या देण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाहीं. त्यामुळें आकाशवाणीखेरीज अन्य कोणाच्या तोंडून केवळ ध्वनिरूपानें बातमी ऐकावयाची, तर या देशांत मुख्यतः पॉडकास्टचाच मार्ग उरतो.

एक विषय, पण खोलांत

रोजच्या पॉडकास्टला आजचें लोकप्रिय स्वरूप देण्यांत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या पत्राचा वांटा मोठा आहे. १ फेब्रुवारी २०१७ रोजीं त्यानें ‘द डेली’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याची मांडणी साधी आहे. मायकेल बार्बारो यांच्यासारखा निवेदक त्याच पत्राच्या बातमीदाराला समोर बसवितो आणि एकच विषय घेऊन त्याला प्रश्न विचारतो: हें कसें घडलें, कोणामुळें घडलें, पुढें काय होईल? दिवसाच्या इतर ठळक बातम्या शेवटीं थोडक्यांत येतात. मराठींतही असे कार्यक्रम निघूं लागले आहेत. त्यांत एके दिवशीं राजकारण, दुसऱ्या दिवशीं समाजांतील एखादा प्रश्न, तर तिसऱ्या दिवशीं झोंप, आहार, मनःस्वास्थ्य असा संसाराला लागणारा विषय येतो.

याचा लाभ केवढा, याचें एक उदाहरण देतों. २०२४ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘लाडकी बहीण’ योजनेखालीं पात्र स्त्रियांस दरमहा १५०० रुपये देण्यास आरंभ केला. त्या विषयावरचा एक कार्यक्रम आमच्याकडे मोठ्यानें लावलेला होता. खजिन्यावर भार किती पडेल यावर आम्हां भावाभावांत कडाक्याचा वाद जुंपला. पोळ्या करावयास येणाऱ्या मावशी ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, आजवर जे मिळालं ते मालकांच्या हातात गेलं. हे पहिले पैसे, जे माझ्या नावावर बँकेत येतात.” वाद त्यानें मिटला नाहीं, खजिन्याचा प्रश्न खराच होता. पण वाद करणाऱ्यांचीं तोंडें थोडीं नरम झालीं. वर्तमानपत्र ज्याच्या हातीं असेल त्याचें असतें. मोठ्यानें लावलेली बातमी स्वयंपाकघरापर्यंत जाते.

आवाजाची मोहिनी

मात्र आवाजांत एक मोहिनी असते. छापलेल्या मजकुराकडे आपण संशयानें पाहूं शकतों. रोज कानाशीं बोलणारा माणूस हळूहळू घरचा वाटूं लागतो, आणि घरच्या माणसाकडे पुरावा कोण मागतो? याच ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें २०१८ सालीं ‘कॅलिफेट’ नांवाची एक ध्वनिमालिका काढली. तींत एका तरुणानें दहशतवादी संघटनेंतील आपल्या क्रूर कृत्यांची हकीकत सांगितली होती. मालिकेला मानाचें पारितोषिकही मिळालें. पुढें ती हकीकत विश्वासार्ह नसल्याचें डिसेंबर २०२० मध्यें त्या पत्रास जाहीरपणें कबूल करावें लागलें, आणि पारितोषिक परत गेलें. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत, तर बाकीच्यांविषयीं काय बोलावें!

मिठाची गोष्ट

आमच्यावर आलेला प्रसंग मात्र खोट्या बातमीमुळें आला नाहीं. बातमी अगदीं खरी होती. जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२५ मध्यें असा सल्ला दिला कीं, घरांत साध्या मिठाऐवजीं कमी सोडियमचें, पोटॅशियम मिसळलेलें मीठ वापरण्याचा विचार करावा. रक्तदाब आटोक्यांत राहण्यास त्याची मदत होते. आमच्या वहिनींनीं कानांत इयरफोन घालून, सकाळच्या स्वयंपाकाच्या घाईंत, हा कार्यक्रम ऐकला. घरांत रक्तदाबाचे दोन रुग्ण. त्यांनीं त्याच संध्याकाळीं नवें मीठ आणविलें आणि मोठ्या हौसेनें बरणी बदलली.

तात्यांना जुना मधुमेह आहे, व त्यामुळें त्यांचीं मूत्रपिंडें दुबळीं झालीं आहेत. तीन आठवड्यांनीं त्यांचे हातपाय गळूं लागले, नाडी मंदावली. रक्त तपासलें तों पोटॅशियम भलतेंच वाढलेलें! दुबळ्या मूत्रपिंडांना तें बाहेर टाकतां येत नाहीं, आणि तें फार सांचलें तर हृदयच बंद पडण्याचें भय असतें. चार दिवस रुग्णालयांत काढून तात्या सुखरूप घरीं आले. वहिनींच्या डोळ्यांचें पाणी खळेना.

त्या रात्रीं आम्हीं सर्वांनीं तो कार्यक्रम पुन्हां लावला. एकोणिसाव्या मिनिटाला निवेदिका स्पष्ट सांगत होती कीं, गर्भवती स्त्रिया, मुलें आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना हा सल्ला लागू नाहीं. वहिनी हळूच म्हणाल्या, “तेव्हां कुकरची शिट्टी झाली असेल.” तात्यांनीं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “सूनबाई, दोष तुमचा नाहीं. तुम्ही एकट्या ऐकत होतां, तोच चुकीचा भाग. मीं ऐकलें असतें तर डॉक्टरांना विचारलें असतें.”

आतां आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर दिवाणखान्यांत तो कार्यक्रम मोठ्यानें लागतो. नियम तीनच आहेत. राजकारणावरचा एक कार्यक्रम एका पक्षाकडे झुकलेला वाटला, तर दुसऱ्या दिवशीं निराळ्या मताचा ऐकावयाचा. प्रकृतीविषयीं जें कानीं पडेल, तें वैद्यास विचारल्यावांचून ताटांत येऊं द्यावयाचें नाहीं. आणि ऐकून झाल्यावर दहा मिनिटें बोलावयाचें. त्यांत शाळेंतल्या मुलांनाही बोलूं द्यावयाचें.

ज्यांच्या घरांत चार माणसें चार कोपऱ्यांत चार आवाज ऐकत बसतात, त्या वाचकांनीं निदान महिनाभर हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे. इयरफोन बाजूला ठेवण्याखेरीज त्याला कांहींच खर्च नाहीं. आमच्या घरीं आतां कार्यक्रम लावण्याचा मान तात्यांचा आहे, आणि सर्वजण येऊन बसल्यावांचून ते तो लावूं देत नाहींत.