पायांचे स्नायुबल मोजणारी उपकरणे : विश्वसनीयतेचा प्रश्न

देवळीच्या परिसरात वेचणीचा कापूस काट्यावर चढतो, तेव्हा काट्याविषयीची शंका फेडण्याचा मार्ग सरळ असतो : प्रमाणित वजन ठेवावे व काटा काय दाखवितो ते पाहावे. कापूस पुन्हा तोलला म्हणून त्याचे वजन बदलत नाही. परंतु त्याच तालुक्यातील एखादा शेतमजूर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सेवाग्राम किंवा सावंगी येथे मांडीच्या स्नायूंचे बल मोजून घेण्यास गेला, की ही सोय उरत नाही. पहिल्या खेपेस तो बिचकतो, दुसऱ्या खेपेस त्याला कृती उमगते, पाचव्या खेपेस तो थकतो. आकडे बदलतात, बदलले ते उपकरण, परीक्षक की मनुष्य, हे आकडा सांगत नाही.

म्हणून प्रथम यंत्र एकटेच तपासावयाचे. भुजा आडवी ठेवून अक्षापासून 0.30 मीटरवर 20 किलोग्रॅम वजन टांगले, तर सुमारे 58.9 न्यूटन-मीटर परिबल दिसले पाहिजे. त्यानंतर त्याच व्यक्तींचे काही दिवसांच्या अंतराने, त्याच आसनात व गुडघ्याच्या त्याच कोनात पुनर्मापन करावयाचे. हातात धरावयाच्या बलमापकाची उणीव येथेच उघडी पडते. मांडीचे स्नायू परीक्षकाच्या हाताहून बलवान असतील, तर मोजले जाते ते परीक्षकाचेच बल! उपकरण पट्ट्याने जखडल्यास हा दोष बराच कमी होतो.

‘विश्वसनीयता’ या संज्ञेनेही थोडा घोटाळा केला आहे. व्यवहारात विश्वास खरेपणावर ठेवला जातो. येथे मात्र ती संज्ञा मापनांतील सुसंगती तेवढी दर्शविते. नेहमी 5 किलो अधिक दाखविणारा काटा या अर्थाने विश्वसनीय आहे, यथार्थ नव्हे.

ही सुसंगती बहुधा वर्गांतर्गत सहसंबंधांकाने सांगतात. तो 0.90 च्या पुढे गेला की अभ्यासक संतुष्ट होतात. हा संतोष घाईचा आहे. मल्ल आणि वृद्ध रुग्ण एकाच गटात घेतले, तर व्यक्तींमधील अंतर वाढल्यानेच हा अंक फुगतो. ब्लँड व ऑल्टमन यांनी 1986 मध्ये दोन मापनांतील फरकच तपासण्याचा आग्रह धरला, तो याच जातीच्या फसगतीमुळे.

समजा, गटाचे प्रमाण विचलन 40 न्यूटन-मीटर व सहसंबंधांक 0.90 आहे. मापनाची प्रमाण त्रुटी तेव्हा सुमारे 12.6 येते, आणि 95 टक्के खात्रीने खरा बदल म्हणण्यासाठी सुमारे 35 न्यूटन-मीटरचा फरक लागतो. उपरोक्त मजुराचे माप 100 वरून 120 झाले, तर त्याच्या स्नायूंत सुधारणा झालीही असेल. पण केवळ त्या आकड्यावरून त्याला पुन्हा कापसाचे गाठोडे उचलण्याची मुभा देता येणार नाही.